जिंकल्यानंतरची दोन मिनिटं

"काहीतरी वेगळं लिही रे. 'पहिला पाऊस' या विषयावर नऊ कविता आल्यात आणि 'आमचं हॉस्टेल' यावर सहा लेख," असं मराठी विभागाच्या संपादकांनी मला बजावलं. मी म्हटलं, मग कुत्र्यांच्या प्रदर्शनावर लिहितो. ते म्हणाले, "म्हणजे परत हॉस्टेलवरच की!"

हसून घ्या. पण विषय खरंच तो आहे. डॉग शोमध्ये जिंकलेल्या माणसानं कसं वागायचं असतं, आणि तसंच का वागायचं असतं.

तर मंडळी, सुरुवात मात्र हॉस्टेलवरूनच करावी लागेल, कारण चूक तिथेच झाली होती. गेल्या वर्षी डिपार्टमेंटच्या प्रोजेक्ट स्पर्धेत आमच्या ग्रुपचा पहिला नंबर आला. दुसरा नंबर आमच्याच विंगमधल्या एका ग्रुपचा, आणि त्या ग्रुपमध्ये माझा फर्स्ट इयरचा रूम पार्टनर. दोन्ही प्रोजेक्ट व्यवस्थित चालत होते. एक्स्टर्नलनी दोन्ही ग्रुपना दहा-दहा मिनिटं दिली आणि आम्हाला निवडलं. त्या रात्री आम्ही काय केलं? बादल्या वाजवल्या, थाळ्या वाजवल्या, दीड वाजेपर्यंत कॉरिडॉरमध्ये नाचलो. आणि नाचायला जागा कुठली निवडली, तर बरोबर त्यांच्या दारासमोरची. रेक्टर सर वर आले तेव्हा कुठे थांबलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेसमध्ये मी पोह्यांची प्लेट घेऊन त्याच्या टेबलाशी गेलो. तो उठला आणि आपली प्लेट घेऊन दुसऱ्या टेबलावर जाऊन बसला. भांडण नाही, एक शब्द नाही. फक्त टेबल बदललं.

"हरलेलं पचत नाही साल्याला," असं मी तेव्हा चार जणांत म्हणालो. नेमकं काय न पचणारं होतं ते मला पुढे दीड महिन्यानं कळलं, आणि तेही कुत्र्यांमुळे.

डॉग शो म्हणजे काय रे भाऊ?

माझा मामा पुण्यात बँकेत आहे. त्याच्याकडे पिवळी लॅब्रेडॉर आहे. कागदोपत्री तिचं नाव पाच शब्दांचं, भारदस्त आणि इंग्रजी. घरात ती चिंगी. एका शुक्रवारी मामाचा फोन आला, "रविवारी शो आहे. तुझी मामी लग्नाला चाललीय. तू चल, पाणी धरायला माणूस हवाय." संध्याकाळी बाहेर जेवण, या अटीवर मी गेलो.

माझी समजूत अशी होती की कुत्री रिंगणातून उड्या मारतील, चेंडू आणून देतील, कुणीतरी शेकहँड करेल. तसलं काही नसतं. तसल्या कसरतींच्या आणि आज्ञापालनाच्या स्पर्धा वेगळ्या. मुख्य शोमध्ये कुत्रं फक्त उभं राहतं आणि चालतं. बाकी सगळं परीक्षकानं बघायचं.

प्रत्येक जातीचं एक 'स्टँडर्ड' असतं. स्टँडर्ड म्हणजे त्या जातीचं आदर्श कुत्रं कसं असावं याचं लेखी वर्णन. आपल्या भाषेत सांगायचं तर स्पेसिफिकेशन शीट. डोकं कसं, दात कसे बसावेत, छाती किती खोल, पाय कसे, चाल कशी, स्वभाव कसा, सगळं त्यात येतं. लॅब्रेडॉरच्या वर्णनात शेपूट पाणमांजराच्या शेपटीसारखी हवी असं आहे, म्हणजे बुडाशी जाड, टोकाकडे निमुळती आणि भोवती आखूड दाट केस. परीक्षक कुत्र्यांना एकमेकांशी ताडून बघत नाही, निदान तत्त्व तरी तसं आहे. प्रत्येक कुत्रं त्या कागदाशी ताडायचं, आणि कागदाच्या सर्वांत जवळ जाईल ते पहिलं.

परीक्षा अशी चालते. आधी सगळी कुत्री आपापल्या हँडलरबरोबर रिंगमध्ये गोल धावतात. मग एकेकाला पुढे बोलावतात. हँडलर कुत्र्याला चारी पाय नीट टेकवून उभं करतो. परीक्षक दात बघतात, खांद्यापासून मागच्या पायांपर्यंत हात फिरवून आतला सांगाडा चाचपतात, कारण केसांखाली काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही. त्यानंतर चाल. कुत्रं परीक्षकापासून लांब जाताना मागचे पाय कळतात, समोरून येताना पुढचे कळतात, आणि बाजूनं जाताना टप्पा किती लांब पडतो ते कळतं. दोन-तीन मिनिटांत ओरल संपली. पुढचा!

पिल्लं, तरुण, मोठी असे वयानुसार वर्ग असतात. नर आणि मादी वेगळे. वर्गातले विजेते पुढे जातात, त्यातून जातीतलं सर्वोत्तम निवडतात. जातींचे पुन्हा गट असतात. ब्रिटन-अमेरिकेत सात, आंतरराष्ट्रीय संघटना एफसीआयच्या पद्धतीत दहा. गटातले पहिले शेवटी एकत्र येतात आणि त्यातून निघतं 'बेस्ट इन शो'. थोडक्यात, नॉकआउट पद्धत. इंग्लंडमधल्या क्रफ्ट्स या सर्वांत प्रसिद्ध शोला वीस हजारांच्या आसपास कुत्री येतात. चार दिवसांनी त्यातलं फक्त एक कुत्रं न हरता घरी जातं. बाकी सगळी, जातीत पहिली आलेलीसुद्धा, कुठे ना कुठे हरूनच परततात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आपल्याकडे या सगळ्याची शिखर संस्था केनेल क्लब ऑफ इंडिया, चेन्नईची. पुण्यात पूना केनेल कॉन्फेडरेशन आहे. आणि शोमध्ये फक्त विलायती कुत्रीच असतात असंही नाही. आपल्या सीमेवरच्या मुधोळकडचा शिकारी हाऊंड, ज्याला केनेल क्लब कारवान हाऊंड म्हणतं, तोही रिंगमध्ये उतरतो. २००५ साली पोस्ट खात्यानं चार देशी जातींची तिकिटं काढली होती, त्यात एक मुधोळचा होता.

सुरुवातच साट्यालोट्याची?

आता थोडा इतिहास, कारण शिष्टाचार कुठून आले ते त्याशिवाय कळत नाही.

पहिला रीतसर डॉग शो भरला तो १८५९ च्या जूनमध्ये, इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला. दोनच जाती होत्या, पॉइंटर आणि सेटर, आणि कुत्री जेमतेम साठ. बक्षीस काय, तर बंदुका, कारण ही सगळी शिकारीची कुत्री. आता गंमत ऐका. पॉइंटरमध्ये पहिलं आलेलं कुत्रं सेटरच्या एका परीक्षकाचं होतं, आणि सेटरमध्ये पहिलं आलेलं कुत्रं पॉइंटरच्या एका परीक्षकाचं!

साटंलोटं झालंच असेल असं नाही. कदाचित ती दोन्ही कुत्री खरंच चांगली असतील. पण बघणाऱ्याला काय वाटणार? आणि खऱ्या विजेत्याला तरी आपण खरे आहोत हे कसं सिद्ध करता येणार?

पुढच्या काही वर्षांत शो वाढले आणि गडबडीही वाढल्या. प्रत्येक शोचे नियम वेगळे, एकाच नावाची कुत्री ढिगानं, कुठलं कुत्रं कुणाचं याचा पत्ता नाही. म्हणून १८७३ साली लंडनमध्ये शर्ली नावाच्या गृहस्थांच्या पुढाकारानं केनेल क्लब स्थापन झाला. आता त्याला 'रॉयल' ही पदवीही मिळाली आहे, २०२३ साली, दीडशे वर्षं पूर्ण झाली तेव्हा. अमेरिकेत वेस्टमिन्स्टरचा पहिला शो झाला १८७७ साली. क्रफ्ट्स १८९१ चा, आणि तो सुरू करणारे चार्ल्स क्रफ्ट हे कुत्र्यांची बिस्किटं विकणाऱ्या कंपनीतले. नोंदवही आली, नियम आले, तक्रार ऐकणाऱ्या समित्या आल्या.

पण एक गोष्ट कुठल्याच नियमानं सुटली नाही, आणि ती सुटण्यासारखीही नाही. शोचा निकाल हे शेवटी एका माणसाचं मत असतं.

स्कोअरबोर्ड नसलेला खेळ

क्रिकेटमध्ये २५० विरुद्ध २४९ म्हटलं की विषय संपला. हरणारा चिडेल, पण आकडा नाकारू शकणार नाही. डॉग शोमध्ये आकडाच नाही. कागद सगळ्यांसाठी एकच असला तरी तो वाचणारे डोळे वेगळे. एका परीक्षकाला चाल महत्त्वाची वाटते, दुसऱ्याला डोकं.

हे त्या पद्धतीलाही माहीत आहे. ब्रिटनमध्ये कुत्र्याला चॅम्पियन व्हायचं तर तीन चॅलेंज सर्टिफिकेट लागतात, आणि ती तीन वेगवेगळ्या परीक्षकांकडूनच मिळालेली असावी लागतात. त्यातलं निदान एक कुत्रं वर्षाचं झाल्यानंतरचं. म्हणजे एकाच परीक्षकानं दहा वेळा पहिलं काढलं तरी उपयोग नाही. आणि त्या सर्टिफिकेटवर परीक्षक सही करतात तेव्हा, हे कुत्रं चॅम्पियन होण्याच्या योग्यतेचं आहे असं आपलं स्पष्ट 'मत' आहे, असं लिहून देतात. सिद्ध झालंय असं नाही, मत आहे. बक्षिसाच्या कागदावरच इतकं प्रामाणिकपणे लिहिलेलं मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

एफसीआयच्या शोमध्ये आणखी एक चांगली सोय आहे. तिथे कुत्र्याला नंबराखेरीज श्रेणी आणि अनेक ठिकाणी परीक्षकाचा लेखी अभिप्रायही मिळतो. त्यामुळे चौथं आलेलं कुत्रंही 'उत्कृष्ट' असू शकतं. नंबर वेगळा आणि लायकी वेगळी, हे कागदावरच दिसतं. (आपल्या टर्मवर्कला असं काही केलं तर?)

आता मुद्दा असा. जिथे निकाल मतावर ठरतो तिथे हरणाऱ्याच्या मनात शंका येणारच. परीक्षकांची ओळख असेल का? माझ्या वेळी ऊन होतं का? ही शंका त्याला खात राहते आणि हळूहळू शो पोखरते. ती शंका वाढवायची की शमवायची, हे सर्वांत जास्त कुणाच्या हातात असतं? परीक्षक तर पुढच्या रिंगला गेलेले असतात. हातात असतं ते जिंकलेल्याच्या. शोमधले बहुतेक शिष्टाचार इथूनच आलेत.

मामाची दोन मिनिटं

चिंगीच्या वर्गात त्या दिवशी सहा जणी होत्या. मादींचे सगळे वर्ग संपून सर्वोत्तम मादी निवडायची वेळ आली तेव्हा शेवटी दोघींवर घोळ सुरू झाला, चिंगी आणि नाशिकच्या काकूंची कुत्री. या काकू लॅब्रेडॉरच्या ब्रीडर. चिंगी मुळात त्यांच्याच घरची, मामानं ती दोन महिन्यांची असताना त्यांच्याकडूनच आणलेली. आणि त्यांच्या हातातली कुत्री म्हणजे चिंगीची सख्खी बहीण! परीक्षकांनी दोघींना दोनदा पळवलं, पुन्हा शेजारी शेजारी उभं केलं, आणि चिंगीकडे बोट दाखवलं.

मी रिंगबाहेर पाण्याची बाटली घेऊन उडीच मारली. मामानं काय केलं ते मात्र मला आजही क्रमानं आठवतं.

आधी तो खाली वाकला. चिंगीला खिशातला उकडलेल्या कलेजीचा तुकडा दिला, कानामागे खाजवलं. मग परीक्षकांकडे जाऊन कार्ड घेतलं, हात मिळवला, दोन शब्दांत आभार. तिथे गप्पा नाहीत. मग वळला आणि थेट काकूंकडे गेला. काकूंनी आधीच हात पुढे केला होता. मामा म्हणाला, "काकू, कुत्री तुमचीच आहे. मी फक्त आंघोळ घातलीय." काकू हसल्या, आणि वाकून त्यांनी चिंगीच्या डोक्यावर हात फिरवला.

त्यानंतर राखीव क्रमांकाची निवड होती. ती संपेपर्यंत मामा जागचा हलला नाही. काकूंच्या कुत्रीचं नाव पुकारलं तेव्हा रिंगमधली पहिली टाळी त्याची. फोटोच्या वेळी त्यानं काकूंना ओढून मध्ये उभं केलं. "ब्रीडरशिवाय फोटो कसला?"

सगळं मिळून दोन मिनिटं असतील. मला वाटलं, मामा जात्याच सभ्य माणूस. पण दिवसभर बसून बाकीच्या रिंग पाहिल्या तेव्हा कळलं, हा तिथला रिवाज आहे. बरेच लोक पाळतात, काही पाळत नाहीत, आणि न पाळणारे सगळ्यांना माहीत असतात.

मामानं जेवताना मला तो रिवाज समजावून सांगितला तो असा.

रिंगमध्ये आपल्या पुढच्या कुत्र्याच्या अंगावर आपलं कुत्रं घालायचं नाही. ते बिचकलं की त्याची चाल बिघडते, आणि बाहेरून बघणाऱ्याला कळतही नाही. म्हणजे हे सभ्यपणे केलेलं फाउल. रिंगबाहेर मित्राला उभं करून शिट्ट्या-खुणांनी आपल्या कुत्र्याचे कान टवकारून घ्यायचे नाहीत. बाहेरून अशी मदत घ्यायला ब्रिटन-अमेरिकेत नियमानंच बंदी आहे. परीक्षकांशी आधी लगट करायची नाही. निकाल पटला नाही तरी कार्ड हसून घ्यायचं. कार्ड टाकून देणं, परीक्षकांना तिथेच सुनावणं, हे अमेरिकेत थेट गैरवर्तन म्हणून समितीपुढे जाऊ शकतं. शंका असेल तर सगळं परीक्षण संपल्यावर नम्रपणे विचारायचं, तेही आपल्या कुत्र्याबद्दल. 'त्याचं पहिलं का काढलंत?' हा प्रश्न नाही.

आणि जिंकल्यावर? आधी कुत्रं, मग परीक्षक, मग दुसरा आलेला. ब्रीडरचं नाव घ्यायचं. दुसऱ्याच्या कुत्र्याचे दोष बोलायचे नाहीत, आणि कुणी बोलायला लागलं तर साथ द्यायची नाही. हे शेवटचं मी डोळ्यांनी पाहिलं. दुपारी एक गृहस्थ मामाजवळ येऊन म्हणाले, "काकूंच्या कुत्रीचे मागचे पाय बघितलेत ना? आज काही खरं नव्हतं." मामा म्हणाला, "मला तर आवडते बुवा ती," आणि लगेच त्यांच्या कुत्र्याला काय खायला घालता ते विचारलं. मला तेव्हा नवल वाटलं. जिंकलेल्याला खूश करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे हरलेल्याला नावं ठेवणं. तो मार्ग बंद करायचं काम जिंकलेल्याचंच.

संध्याकाळी गटाच्या फेरीत चिंगीला काहीच मिळालं नाही. मामानं तशाच टाळ्या वाजवल्या. चिंगीच्या पाण्याचं भांडं तेव्हा काकूंच्या हातात होतं, कारण मी वडापाव आणायला गेलो होतो.

क्रफ्ट्स, २०१५

आता कुणी म्हणेल, हे सगळं छोट्या शोमध्ये ठीक. मोठ्या ठिकाणी कोण बघतं? तर २०१५ चं क्रफ्ट्स बघा. एकाच शोमधल्या दोन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट. त्या वर्षी बेस्ट इन शो झाली एक काळी स्कॉटिश टेरियर. निकाल लागल्यावर तिच्या हँडलरनं तिला एक हात गळ्याखाली आणि एक हात शेपटीला धरून उचललं. टेरियरवाल्यांमध्ये तशी जुनी सवय आहे. पण टीव्हीवर लाखो लोक बघत होते. दुसऱ्या दिवसापासून टीकेचा भडिमार झाला, निषेधाच्या अर्जावर लाखाच्या वर सह्या झाल्या, केनेल क्लबनंही खेद व्यक्त केला. त्या कुत्रीनं कित्येक वर्षांच्या मेहनतीनं जे मिळवलं ते कुणाला आठवत नाही. आठवते ती उचलण्याची पद्धत. जिंकल्यानंतरच्या पहिल्या काही सेकंदांत आपण सर्वांत जास्त दिसतो आणि सर्वांत कमी सावध असतो.

दुसरी गोष्ट. त्याच शोमध्ये जॅगर नावाचा एक आयरिश सेटर आपल्या वर्गात दुसरा आला. बेल्जियमला घरी परतल्यावर तो मेला. पोटात विष घातलेलं मांस सापडलं. झालं! प्रतिस्पर्ध्यानं विष घातलं, अशी बातमी जगभर पळाली. आपण त्या जागी असतो तर? पण जॅगरच्या मालकांपैकी एका बाईंनी उघडपणे सांगितलं की हे दुसऱ्या एखाद्या स्पर्धकाचं काम असेल असं आपण मानणार नाही. तसं मानलं तर शोमध्ये घालवलेली आपली तीस वर्षंच वाया गेली, असा त्यांच्या बोलण्याचा भाव होता. पुढे तपासणीचा अहवाल आला, आणि विष बेल्जियममध्ये, मरणाच्या थोडंच आधी पोटात गेलं असणार, क्रफ्ट्समध्ये नाही, असा निष्कर्ष केनेल क्लबनं जाहीर केला. म्हणजे ज्यांच्यावर संशय होता ते सगळे निर्दोष होते. त्या बाईंनी अहवाल यायच्या आधीच विश्वास ठेवला होता. खिलाडूवृत्तीची याहून अवघड परीक्षा मला माहीत नाही.

आणि एवढं सगळं कशासाठी? क्रफ्ट्सच्या बेस्ट इन शोचं रोख बक्षीस कित्येक वर्षं १०० पौंड होतं. प्रवासखर्चही निघायचा नाही. असतो तो मान, आणि विजेत्या कुत्र्याच्या पिल्लांना येणारी मागणी.

ही मागणी मात्र साधी गोष्ट नाही, आणि विजेत्याची सर्वांत मोठी जबाबदारी इथेच आहे. जिंकलेल्या कुत्र्याची पिल्लं जास्त होतात, म्हणजे त्याचे दोषही पसरतात. चपटं नाक आवडतं म्हणून ते इतकं चपटं करायचं की कुत्र्याला श्वास घेता येत नाही, असे प्रकार झाले. २००८ साली बीबीसीनं यावर एक माहितीपट दाखवला, खूप गदारोळ झाला, आणि नंतर बीबीसीनं क्रफ्ट्सचं प्रक्षेपणच बंद केलं. २०१२ पासून धोक्यातल्या १५ जातींच्या विजेत्यांची पशुवैद्यांकडून तपासणी सुरू झाली, आणि पहिल्याच वर्षी क्रफ्ट्सला त्यातले सहा विजेते नापास झाले. जातीत पहिले येऊनही गटात जाता आलं नाही. मालक संतापले, साहजिक आहे. पण नियम काय म्हणतो ते बघा. कार्ड मालकाचं, शरीर कुत्र्याचं. आधी कुत्रं, मग बाकी सगळं. मामाचा क्रमही तोच होता.

परतीच्या वाटेवर

गाडीत मी मामाला विचारलं, "मामा, एवढं जिंकलास. जरा ओरडायचंस तरी!"

मामा म्हणाला, "अरे, आज या परीक्षकाला चिंगी आवडली. गेल्या खेपेस दुसऱ्याला तिची बहीण आवडली होती. दोन्ही कुत्री त्याच, फक्त परीक्षक बदलला. यात माझं ओरडण्यासारखं काय आहे?"

थोड्या वेळानं म्हणाला, "आणि काकूंनी उद्या यायचं बंद केलं तर मी कुणाला हरवणार? रिंगमध्ये एकटंच कुत्रं असलं तर तो पहिला नंबर म्हणजे काय रे?"

मागच्या सीटवर चिंगी पसरून घोरत होती. तिच्याकडे बोट करून तो म्हणाला, "तिला विचार आज काय मिळालं. कलेजीचा तुकडा. तिच्या बहिणीलाही काकूंनी तेच दिलं. म्हणजे कुत्र्यांच्या हिशोबानं आज बरोबरी झालीय. नंबर आपल्याला हवे असतात."

मी गप्प बसलो. मला आमच्या कॉरिडॉरमधल्या बादल्या आठवत होत्या. आमचा एक्स्टर्नलही एकच होता. त्याच्याकडेही दहाच मिनिटं होती. दुसरा कुणी आला असता तर निकाल उलटा लागला असता, हे मला त्या रात्रीही माहीत होतं. कदाचित म्हणूनच आम्ही इतके जोरात नाचलो. आणि आमच्या बोर्डवरचं सोल्डरिंग? मला सोल्डरिंग शिकवलं होतं ते फर्स्ट इयरला याच रूम पार्टनरनं, रात्री दोन वाजता, स्वतःची गन देऊन. म्हणजे माझे 'काकू' तोच. स्टेजवर बक्षीस घेताना मी सरांचे, मित्रांचे, आईवडिलांचे आभार मानले होते. त्याचं नाव घेतलं नव्हतं.

म्हणजे त्याला पचलं नव्हतं ते हरणं नव्हतं.

हॉस्टेलवर पोचलो तेव्हा नऊ वाजले होते. येताना चार वडापाव घेतले आणि त्याचं दार वाजवलं. भाषण पाठ करून गेलो होतो, पण तोंडातून एवढंच निघालं, "त्या रात्रीचं जरा जास्तच झालं. आणि सोल्डरिंग तू शिकवलं होतंस, ते सांगायचं राहिलं." त्यानं वडापावकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बादली माझी होती," तो म्हणाला. "तुम्ही वाजवून वाजवून फोडलीत ती. महिनाभर मगानं आंघोळ करतोय."

दुसऱ्या दिवशी मी नवी बादली आणून दिली. पोहे एकाच टेबलावर खाल्ले.

तर मंडळी, यंदाची प्रोजेक्ट स्पर्धा, गॅदरिंग, वादविवाद, रांगोळी, सगळं तोंडावर आलंय. यातल्या एकाही गोष्टीला स्कोअरबोर्ड नाही. कुणाचा तरी पहिला नंबर येईल, बाकीचे सगळे हरतील, आणि सगळ्यांना त्याच मेसमध्ये जेवायचंय. जो जिंकेल त्यानं नाचावं, जरूर नाचावं. फक्त आधी दोन मिनिटं काढावीत. ज्याच्यामुळे जमलं त्याचं नाव घ्यावं, जो दुसरा आला त्याच्याकडे आपण होऊन जावं. आणि नाचायला जागा हवीच असेल तर मेसच्या मागचं पटांगण मोकळं आहे. तिथे बाळ्या झोपलेला असतो, पण तो तक्रार करणार नाही. त्याला नंबरांत रस नाही, उरलेल्या पोळीत आहे.